जोत्यावरचा बर्फ

अब्बा,

तुम्ही जोहरच्या नमाजला गेलेले, म्हणून लिहितोय. डोंगरावरच्या बांधकामाचं जोतं झाकायला घरातली ब्लँकेटं वर नेतोय, हिबाने लग्नात माहेरून आणलेली रजईसुद्धा. तिला तुम्हीच समजवा.

इथल्या, सहमच्या उकाड्यातल्या सवयीने काल संध्याकाळी मी तिथल्या नव्या काँक्रीटवर पाणी मारलं. सकाळी बघतो तर सगळं जोतं काचेसारखं चकाकत होतं. हात लावला, तर बर्फ. इथे काँक्रीट गार ठेवायला आपण बर्फ विकत आणतो, आणि तिथे तो रातोरात आपणहून झालेला. मी खुळ्यासारखा बघतच राहिलो.

वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतोय. तुम्ही सांगितलं होतंत, डोंगरावर दुपारनंतर पाणी मारू नको. मी हसलो होतो, आता घरी बसा म्हणालो होतो.

उद्या सकाळी सातला तुम्हाला वर न्यायला गाडी येईल. तुमचं ब्लँकेट ठेवलंय. ते अंगावर घेऊन या.

मुजम्मिल