टिंब पुतण्याला, शेपटी माझी

मी, वाल्बुर्गा मायर, राहणार हासलरीड, गिरणीच्या पुलाजवळचे घर, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, कै. क्विरिन मायर यांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने, दिवसाउजेडी, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही, आणि घालू पाहील त्याची मी गय करणार नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मी सगळे पुतण्याच्या नावे लिहिले होते, ते रद्द समजावे. ते मी चुलीत घातले. छान पेटले.

मी जिवंत आहे, हेही इथेच नोंदवते. एरवी मृत्युपत्रात हे लिहावे लागत नाही. माझ्यावर ती वेळ आणली गेली.

आधी मी कोणती वाल्बुर्गा मायर, हे सांगणे भाग आहे. हासलरीडमध्ये दगड भिरकावला तर तो मायरला लागतो, आणि भिरकावणाराही मायरच असतो. न्यायाधीश बाहेरगावचे असतील म्हणून लिहिते: उच्चाराने आम्ही सगळे एकच, कागदावर दोन. काहींच्या नावात मधले अक्षर i, त्यावर टिंब असते; काहींच्या नावात मधले अक्षर y, त्याला खाली शेपटी असते. टिंबवाल्यांकडे लाकडाची वखार, चर्चमधला पुढचा बाक आणि वर केलेले नाक. शेपटीवाल्यांकडे नदीकाठची ओलसर घरे. मी जन्माने शेपटीवाली, लग्नाने टिंबवाली. ज्या वाल्बुर्गा मायर यंदाच्या जानेवारीत इस्पितळात वारल्या त्या दुसऱ्या. त्या जन्मभर शेपटीवाल्या होत्या आणि भल्या बाई होत्या. त्यांना शांती लाभो. मला त्यांच्यामुळे लाभली नाही, पण तो त्यांचा दोष नव्हे.

त्या वारल्या त्या सकाळी जे घडले ते असे. चर्चच्या कार्यालयात नवी मुलगी आली आहे. तिने माझा पुतण्या कोर्बिनियान मायर याला शहरात फोन केला आणि सांगितले, "वाल्बुर्गा मायर रात्री इस्पितळात वारल्या." टिंब की शेपटी, हे तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. मी इस्पितळात होते की नाही हेही त्याला ठाऊक नव्हते, कारण उन्हाळ्यापासून त्याने माझी चौकशी केलेली नव्हती. तिकडे चर्चच्या ओटमारने मृत्यूची घंटा वाजवली. मी ती ऐकली, जिच्यासाठी असेल तिच्यासाठी क्रुसाची खूण केली आणि पाव आणायला निघाले.

बेकरीत झावर मायरने मला पाहिले आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाई, आत्ता तुमचीच घंटा वाजली ना?"

"मग पाव कोणाला देतोस?"

"रोख देणार असाल तर कोणालाही," तो म्हणाला. पण त्याने पाव जास्तीचा दिला.

घरी परतले तर दारात कोर्बिनियानची गाडी. किल्ली त्याच्याकडे मीच ठेवली होती, अडीअडचणीसाठी. स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, गेर्लिंडेचा आवाज येत होता.

"पडद्यांचं नंतर बघू. आधी वरची म्हातारी बाहेर काढ. महिन्याची मुदत पुष्कळ झाली."

"अंत्यविधी तरी होऊ दे. लोक बोलतील."

"लोकांना पोटभर डुकराचं भाजलेलं मांस घाल. तोंड भरलं की बोलत नाहीत."

वरची म्हातारी म्हणजे माझ्या वरच्या खोल्यांत राहणारी सेन्टा क्रोल. ती जिन्याच्या पायरीवर अंगात कोट घालून बसली होती, जणू आत्ताच निघायचे आहे. ती त्यांना सांगत होती, "अहो, बाई गेल्या नाहीत. पाव आणायला गेल्यात."

"हो आजी," गेर्लिंडे म्हणाली. "स्वर्गात पाव फार चांगला मिळतो."

मी आत गेले. "आज स्वर्गात पाव संपला होता, गेर्लिंडे. म्हणून परत आले."

ती खुर्चीवर उभी होती. हातात माझी शिवणाची टेप, आणि ती माझी खिडकी मोजत होती. टेबलावर माझा फोटो काढून ठेवला होता, अंत्यविधीला वाटायच्या कार्डावर छापण्यासाठी. भिंतीवर माझे इतके फोटो असताना त्यांनी तो निवडला, ज्यात माझी दाढ सुजलेली आहे.

"काकू, गैरसमज झाला," कोर्बिनियान म्हणाला.

"मी कोण, याचा गैरसमज झाला," मी म्हटले. "तू कोण, याचा झाला नाही."

चूक कोणाकडूनही होते. या गावात तर नावाची चूक ही रोजची भाजीभाकरी आहे. माझी पत्रे वखारीत जातात, वखारीची बिले माझ्याकडे येतात. त्याबद्दल मी कोणाला मृत्युपत्रातून काढत नाही. पण काकू मेल्याचे कळल्यावर शवगृहात जाऊन तिचे तोंड बघायच्या आधी जो तिचे स्वयंपाकघर मोजतो, त्याच्याबद्दल मला आणखी काही कळून घ्यायचे उरलेले नाही. सबब पुढीलप्रमाणे.

पहिले. माझे घर, जे क्विरिनने मला लिहून दिले आणि ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, त्यात सेन्टा क्रोल हिने मरेपर्यंत राहावे. वरच्या खोल्यांत नव्हे, सबंध घरात. भाडे नाही, मुदत नाही, नोटीस नाही. सेन्टा माझ्या शाळेत स्वयंपाक करायची. क्विरिनला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती 'आठवडाभर हाताखाली येते' म्हणून आली, आणि तो जाईपर्यंत त्याला तिनेच भरवले, कारण माझ्या हातून तो खायचा नाही. माझ्यासमोर त्याला लाज वाटायची. हे टिंबवाल्यांपैकी कोणी पाहिले नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी आले नाही. तेव्हा "परकी बाई घरात घुसली" असे जे पुढच्या बाकावर बोलले जाते ते मी ऐकलेले आहे, आणि बोलणाऱ्यांनी आता ते सेन्टाच्या दारात उभे राहून बोलावे. कुलूप मी बदलले आहे.

मृत्युपत्रात नाव नसले तरी पुतण्याला कायद्याने सक्तीचा वाटा मागता येतो का, हे मी वकिलाला विचारले. येत नाही. त्या रात्री मला उत्तम झोप लागली.

दुसरे. सेन्टाच्या मागे हे घर गावाच्या बालवाडीला जावे. अट एकच: दारावरच्या पाटीवर माझे माहेरचे आडनाव असावे, शेपटीसह. कोणी तिथे टिंब रंगवले, चुकून वा मुद्दाम, तर घर शेजारच्या गावाच्या फुटबॉल क्लबला देण्यात यावे. ते लोक कसे आहेत हे मला माहीत आहे. म्हणूनच त्यांचे नाव घातले. रंगारी नीट लिहील.

शेपटीचा एवढा हट्ट का, असे पाद्रीबाबांनी मला विचारले. त्यांचे आडनाव गावात एकुलते एक आहे, त्यांना कळायचे नाही. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या वर्गात आम्ही चार मायर होतो. सिस्टर आडेलगुंडिस आम्हाला आकड्यांनी हाका मारायच्या. मी तिसरी. मी एकदा म्हटले, "सिस्टर, माझ्या नावात शेपटी आहे, त्यावरून ओळखा." त्या म्हणाल्या, "तू कोणती ते देवाला ठाऊक आहे, बाळ." मी म्हटले, "देवाला असेल, धुणाऱ्या बाईला नाही. मला दर आठवड्याला दुसरीचे मोजे येतात." त्याबद्दल मला संध्याकाळभर गुडघ्यांवर बसवले, आणि मग चादरींवर नाव भरायचा दोरा दिला. माझे पहिले भरतकाम ती शेपटी. चांगली लांब काढली.

लग्नात मी माहेरहून उशांचे अभ्रे आणले, सगळ्यांवर माझे आडनाव शेपटीने भरलेले. सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावरच सांगितले, "हे उसवून टाक. या घरात शेपटीचं काही चालत नाही, मांजर सोडून." सगळे हसले. क्विरिनही हसला. मी कात्री घेऊन बसले तेव्हा तो मागून आला आणि कात्री काढून घेतली. म्हणाला, "राहू दे गं. आई काय दिवा घेऊन उशा वाचायला येणार आहे?" या एका वाक्यावर मी त्याच्याबरोबर जन्म काढला. हसल्याचे मात्र विसरले नाही, आणि ते त्याला माहीत होते.

तिसरे. ते अभ्रे अजून आहेत. एक माझ्या डोक्याखाली पेटीत घालावा, भरतकाम वरच्या बाजूला. बाकीचे सेन्टाने वापरून फाडावेत. कपाटात ठेवून पिवळे करू नयेत.

चौथे. शिलाईयंत्र आणि कात्र्या शाळेला. मोठी कात्री कागदाला लावणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभे करावे.

पाचवे. गेर्लिंडेला माझी शिवणाची टेप. तिला मोजायची आवड आहे.

सहावे. बँकेत जे आहे त्यातून आधी माझे जेवण घालावे, गावातल्याच खाणावळीत, बिअर कमी पडू न देता. सेन्टाने टेबलाच्या शिरोभागी बसावे. पुढच्या बाकावरच्यांनी हवे तिथे बसावे, पण तिच्यानंतर. उरलेले सेन्टाला, घर गरम ठेवण्यासाठी. ती काटकसर करते आणि खोकते. तिने काटकसर करू नये, अशी माझी आज्ञा समजावी.

सातवे. घंटा. माझ्यासाठी घंटा वाजवण्याआधी सेन्टाने येऊन माझे तोंड बघावे आणि "याच त्या" असे म्हणावे. तोवर दोरीला हात लावू नये. सेन्टा आधी गेली असेल तर झावरने बघावे. कार्डावर तो फोटो छापावा ज्यात मी शाळेच्या सहलीत मुलींवर ओरडते आहे. तो माझ्यासारखा आहे.

आठवे. मला क्विरिनच्या शेजारी ठेवावे. दगडावर त्याचे नाव टिंबाने आहे आणि खाली माझ्यासाठी जागा सोडलेली आहे. तिथे माझे नाव शेपटीने कोरावे. पाथरवट म्हणेल, नवराबायकोची नावे एकाच दगडावर वेगळी बरी दिसत नाहीत. त्याला सांगावे, आम्ही वेगळेच होतो आणि बरे दिसत होतो.

नववे आणि शेवटचे. माझा पुतण्या कोर्बिनियान मायर म्हणतो की मी त्याच्या घराण्याचे घर बाहेर देते आहे. घराण्याचे मी काहीही ठेवून घेतलेले नाही, हे स्पष्ट व्हावे म्हणून लिहिते: लग्नाच्या दिवशी या घराण्याने माझ्या नावावर एक टिंब ठेवले. मी ते आयुष्यभर डोक्यावर वागवले. ते मी कोर्बिनियानला परत देते. माझ्याकडचे त्याचे तेवढेच होते. बाकी सगळे माझे.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. एकही शब्द सौम्य करावासा वाटला नाही.

सही: वाल्बुर्गा मायर
(आजपासून शेपटीने)

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत, असे वकील म्हणाले. ते मायर नाहीत. मी दोन बोलावले. सेन्टाला यात लाभ आहे म्हणून तिला साक्षीला घेतले नाही. ती शेजारच्या खोलीत बसून, आपल्याला काही कळत नाही असे दाखवत, रडते आहे.

आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की वरील बाई आमच्यासमोर बसल्या आहेत, जिवंत आहेत, आणि त्यांनी आम्हाला दोनदा सरळ बसायला सांगितले.

झावर मायर, बेकरीवाला, शेपटीवाला. जास्तीच्या पावाचे पैसे बाईंनी आज दिले, मी नको म्हणत असताना.

ओटमार मायर, घंटा वाजवणारा, टिंबवाला. त्या सकाळी मी घंटा बरोबरच वाजवली होती. तरी यापुढे चर्चच्या मुलीला फोन लावण्याआधी अक्षर विचारायला सांगीन.

स्थळ: हासलरीड, गिरणीच्या पुलाजवळचे घर
दिनांक: २ फेब्रुवारी १९९६, मेणबत्त्यांचा सण, पूर्वी गडीमाणसांनी जुना मालक सोडून नवा धरायचा दिवस. मी कोणताच धरत नाही.