अक्काच्या चुलीवरून गेलेली दोरी

पॅरिस, ६ जुलै १९०२

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ती. अक्कास चनबसाप्पाचा शि. सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे, पण आधी बाग सांगतो. बादशहांची ताजपोशी लांबली, म्हणून आपले इनामदार सरकार लंडनहून इकडं बागा बघायला आले, आणि त्यांचा माळी म्हणून मी मागोमाग. काल व्हर्सायची बाग पाहिली. झाडं शिपायांसारखी ओळीत, कातरून भोवऱ्यासारखी केलेली. दोन तास हिंडलो, टेकायला सावली नाही. मग कळलं, ही बाग हिंडायला केलेलीच नाही. राजवाड्याच्या खिडकीत एक माणूस उभा राहतो, आणि नजर जाईल तिथवर सगळं त्याचं ऐकतं, एवढ्यासाठी ती आहे.

सरकार त्या खिडकीत उभे राहिले आणि रडले. म्हणाले, मंगळवार पेठेतल्या आपल्या बंगल्याच्या सज्ज्यातून अशीच सरळ ओळ दिसली पाहिजे. अक्का, त्या ओळीत बागेतला अप्पांनी लावलेला फणस येतो, आणि त्याखालचं आपलं घरही. ओळीत जे वाकडं दिसेल ते पाडावं, असा हुकूम कारभारी कृष्णातला याच टपालानं गेला आहे. मी नुसती मान डोलावली. तूच काहीतरी कर. रागावलीस तरी लोभ असू द्यावा.

तुझा चनबसा

कोल्हापूर, ३० जुलै १९०२

चि. चनबसाप्पास अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आन् कृष्णात एकाच दिवशी आले. त्यानं सज्ज्याला दोरी बांधून बागेतनं ओढत आणली, ती नेमकी माझ्या चुलीवरनं गेली. म्हटलं, बस, आधी खा. दोरीखाली वाकून त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या, रडत. म्हणाला, अक्का, मी हुकमाचा ताबेदार हाय, वाकडं दिसलं की पाडायचं. मी म्हटलं, व्हय की, पण वाकडं कोण हाय ते तर बघ. गवंडी बोलावला, त्यानं घराला आन् सज्ज्याला गुण्या लावून कोपरे तपासले. घर सरळ. बंगल्याचा सज्जाच दीड हात वाकडा निघाला.

कृष्णात लई सच्चा माणूस. हुकूम तीनदा वाचला, डोळे मिटले, आन् सोमवारी सज्जा पाडाय घेतला. आता सरकारांच्या निजायच्या खोलीला तिथं गोणपाट हाय. घर वाचलं, पण तुझी चाकरी जाईल काय रे? वेळेवर जेवत जा. माया हाय ती हायच.

अक्काताई

लंडन, २२ ऑगस्ट १९०२

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग ते पेटीच्या तळाशी दडवलं. सरकारांना सांगायची हिंमत झाली नाही. शिवाय त्यांचं मन पालटलंय. इंग्रजांच्या बागांत सरळ ओळ म्हणजे अडाणीपणा. शंभर माणसं लावून तळं खणायचं आणि देवानंच ठेवलंय असं दाखवायचं. एका ठिकाणी नजरेला खुपतं म्हणून अख्खं गाव टेकडीपलीकडं उठवलं होतं म्हणे. म्हणजे बाग सरळ असो की वाकडी, उठायचं ते गरिबानंच.

पण पूर्वी इथले काही जमीनदार शोभेसाठी बागेत झोपडी बांधून त्यात दाढीवाला साधू पगारावर बसवत. हे ऐकल्यापासून सरकार हरखलेत. आपलं घर राहणार, अक्का, झोपडी म्हणून! थोडी कौलं फोडून दारात साधू बसवावा, असा नवा हुकूम आहे. सरकार पुढच्या बोटीनं निघतात. मी रोपांच्या पेट्या घेऊन मागून मुंबईला उतरेन. तोवर साधू बघून ठेव, आणि मला विसरू नकोस.

तुझा चनबसा

कोल्हापूर, ५ ऑक्टोबर १९०२

चि. चनबसाप्पास अ. उ. आ. वि. वि.

साधू मिळाला न्हाई. मठातल्या स्वामींना विचारलं, तवापासनं ते माझ्याशी बोलत न्हाईत. कौलं मी फोडू दिली न्हाईत.

सरकार आले. हौसेनं वर गेले, गोणपाट सारलं, सज्ज्यात पाऊल टाकलं, आन् खाली शेणखताच्या ढिगात पडले. कृष्णातनं हात जोडून हुकूम पुढं केला. खाली सही त्यांचीच. पाय मुरगळला हुता, म्हणून उचलून जवळ माझ्याच दारात बाजल्यावर ठेवलं, हळद लावली. अंगावर साधं धोतर, बोटीवर वाढलेली दाढी. कुंपणाबाहेरनं गुंडू गवळ्यानं बघितलं, त्याला वाटलं कोण महाराज उतरलेत. आत येऊन पाया पडला, केळी ठेवली. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं. सरकार आधी खवळले, मग आशीर्वाद द्यायला लागले. आता पाय बरा हाय, पण उठत न्हाईत.

काल त्यांनी वर बघून विचारलं, हे झाड कसलं? तीस वर्षं इथले मालक, फणस ठावा न्हाई. मग म्हणाले, त्या सगळ्या बागांत चनबसाला काय आवडलं? म्हटलं, त्यालाच विचारा. मलाबी तू कधी लिहिलं न्हाईस. त्यांनाच लिही, वाट बघत्यात. जपून ये.

अक्काताई

मुंबई, ११ ऑक्टोबर १९०२

रा. रा. इनामदार सरकार यांचे सेवेशी, चनबसाप्पा माळ्याचा दंडवत.

आपण विचारलंत म्हणून लिहितो. लंडनात राजाच्या एका बागेत भर दुपारी एक म्हातारी गवतावर आडवी होऊन घोरत होती. पायात चप्पल नव्हती. रखवालदार आला, थांबला, आणि तिला वळसा घालून गेला. मला ती बाग आवडली.

कृपा असावी.

चनबसाप्पा