बोटं आणि खोकला

घाटनांदूर, ४ जाने.
बोटं आज झकास. संधिवातानं मूठ मिटेना तेव्हा बांगड्यांचं दुकान सुनेनंच ओढलं. आठवड्यातून एकदाची गोळी लागू पडली, आता पुन्हा मी भरते. आज दिवसभरात एकही बांगडी वाढली नाही; फुटली म्हणू नये. खोकला आहेच.

९ जाने.
अंबाजोगाईला तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या संधिवातात कधीकधी फुप्फुसंही धरतात, रोग्याला पत्ता नसतो. रक्तातून आधी सुगावा लागतो का बघू. लागला तर गोळी बदलावी लागेल कदाचित.
"खोकला? चढताना दम?"
"न्हाई बाई."
सून माझ्याकडं बघतच राहिली. गोळी गेली की बोटं गेली. मला भीती त्याची. फुप्फुसं कुणाला दिसतात?

११ जाने.
अडुळशाचा काढा सुरू. रक्त देईपर्यंत रोज.
सून : "आत्या, काढ्यानं रिपोट फसतो व्हय?"
गप म्हटलं. कडू जहर आहे.

१७ जाने.
रक्त दिलं. सुई टोचणारी पोरगी म्हणे, हात सैल सोडा. जन्मभर मी हेच सांगत आले. येताना एसटीत इतकी खोकले की शेजारीण उठून मागं गेली.

२३ जाने.
नवरीचा चुडा. भरताना बाईला बोलण्यात गुंतवावं लागतं, नाहीतर ती हात आवळते. सासरचं विचारत होते, मधेच श्वास पुरेना. बोलणं तुटलं, तिनं हात आवळला, हिरव्या दोन वाढल्या. लग्नाच्या चुड्यात. तिची आई खाली वाकून तुकडे वेचू लागली, तेच जास्त लागलं. पोरगी पाया पडली. आशीर्वाद खोकत दिला.

२८ जाने.
रिपोर्ट आला. काढा वाया. डॉक्टरीणबाईंचा फोन, स्पीकरवर.
"थोडा संशय येतोय, पण नुसत्या रक्तावर ठरत नाही. काहीच त्रास नसेल तर काही दिवसांनी पुन्हा तपासू. दम लागत असेल तर छातीचा स्कॅन लगेच. खरं सांगा, खोकला नाही ना?"
म्हणजे रक्तानं पुन्हा माझ्यावरच ढकललं.
"बाई, गिऱ्हाईक हाय. मागून लावते."
दुकानात कुणी नव्हतं. सुनेनं फोन उचलून माझ्यापुढं ठेवला अन् आत गेली. रागावली असेल, किंवा घाबरली.
मूठ मिटून पाहिली. मिटते.