बिनगिलाव्याच्या घराची वाटणी

मी, शिवगंगा शंभुलिंग तोडकरी, वय ७१, निवृत्त, रा. बेंबळी, ता. जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते ते असे. दुय्यम निबंधक कार्यालयात मी एकतीस वर्षे लिपिक होते, त्यामुळे यात काय लिहावे हे मला कोणी पढवलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. वाचणारे आपापले नाव शोधत पुढे पळतात, हेही मला ठाऊक आहे. सावकाश वाचावे.

मला दोन अपत्ये. मुलगा विरेश, त्याचे धाराशिवला रंगांचे दुकान आहे. त्याचा गाळा मी पूर्वीच त्याच्या नावे केला. मुलगी शिवप्रिया घरांचे नकाशे करते.

कलम १. बेंबळीचे घर माझ्या स्वकष्टाच्या पैशाचे असून नकाशा शिवप्रियाचा आहे. भिंती विटांच्या, त्यावर बाहेरून काळ्या दगडाच्या लाद्या, नक्षी कुठेही नाही. गिलावा कधी करणार, असे गाव दोन वर्षे विचारत होते. नकाशाआधी पोरीने टेप लावून माझा गुडघा जमिनीपासून किती उंच येतो ते मोजले आणि खिडकीत तेवढ्याच उंचीचा दगडी कट्टा काढला. कचेरीच्या खुर्चीवर माझे पाय एकतीस वर्षे लोंबकळत होते. इथे ते जमिनीला टेकतात. माझा या घरावर फार जीव आहे.

कलम २. गेल्या वर्षी मी मोतीबिंदूसाठी चार दिवस सोलापूरला होते. तेवढ्यात विरेशने दर्शनी भिंतीला पोपटी ऑइलपेंट मारून घेतला. नव्या डोळ्याने गावात पाहिलेली पहिली वस्तू ती. विचारले तर म्हणाला, "आई, लोक हसायलेत. पावण्यांना घर दाखवायचं कसं?" हेतू वाईट नव्हता, रंगही दुकानातला भारीतला होता. धुळाप्पा गवंड्याने अकरा दिवस घासून तो काढला. वीजमीटरजवळची एक लादी मी मुद्दाम पोपटीच ठेवली. ती विरेशला देत आहे. दर दिवाळीला त्याने ती स्वखर्चाने रंगवावी. शेजारच्या लादीवर ओघळ येता कामा नये.

कलम ३. बाकी सगळे घर, कट्ट्यासह, शिवप्रियाचे.

बहिणीला घर कसे, असे भाऊबंद म्हणतील. शेकडो बहिणींची हक्कसोडपत्रे माझ्या हाताखालून गेली. भाऊ बाहेर रिक्षा थांबवून असायचा आणि बहिणीच्या पिशवीत एक नवी साडी. १९९४ साली मीही धाकटा भाऊ वीरप्पा याला असेच लिहून दिले. दस्तावर शिक्का मीच मारला. त्या गोष्टीचा माझा राग अजून गेलेला नाही.

कलम ४. विरेशने या घरावरचे हक्कसोडपत्र बहिणीला लिहून द्यावे. कायद्याने त्याची गरज नाही. मला हौस आहे. बदल्यात रिवाजाप्रमाणे शिवप्रियाने त्याला एक साडी द्यावी. नवी घेऊ नये. वीरप्पाने मला दिलेली कपाटात घडीचीच आहे. रंग पोपटी आहे, विरेशला आवडेल.

ठिकाण: बेंबळी, खिडकीतला कट्टा
दि. ९ जानेवारी २०२५

सही: शिवगंगा शं. तोडकरी

साक्षीदार:
१. धुळाप्पा भीमराव घोडके, गवंडी
२. वीरप्पा गुरुलिंग कोरे, लिहून ठेवणारीचा भाऊ

टीप: साक्षीदार क्र. २ यांनी सहीपूर्वी मजकूर दोनदा वाचला व "आक्का, तुम्ही ती एकदाबी नेसला न्हाईत व्हय?" असे विचारले. नोंद घेतली.