टिंबांच्या पुढं

मंगळवार, संध्याकाळ

कोठी गावातल्या शिकवणीत आज पुन्हा तीच संख्या दिली, ०.०५८८२३५२९४… परिमेय की अपरिमेय? दरवर्षी हीच देते. अंकांचा गट परत येत नाही, म्हणून अपरिमेय. नववीतल्या वंदनानं लिहिलं, ‘सांगता येत नाही.’

मी वैतागले. ती हळूच म्हणाली, “टिंबांच्या पुढं काय आहे ते कुठं दिसतंय, टीचर?”

“पुस्तकात असं उत्तर असतं का?”

“नै, टीचर.”

घरी चैन पडेना. जुनी वही काढली. त्या संख्येशेजारी माझ्याच अक्षरात १ ÷ १७. कॅल्क्युलेटर दहा अंकांवर थांबला होता, आणि मीही. हातानं भागत गेले. सोळा अंकांनंतर पुन्हा शून्य, पाच, आठ, आठ. म्हणजे परिमेयच. टिंबांच्या पुढं होतं सगळं.

उद्या वर्गात चूक कबूल करेन. पण वंदनानं आपलं उत्तर रबरानं खोडून ‘अपरिमेय’ लिहिलं, तेव्हा मी तिला शाबासकी दिली होती.