चाक बदलेपर्यंत

९ ऑगस्ट, शनिवार

टोकावड्यास जाऊन आलो. बाईजाने राखी बांधली. सख्खी नव्हे, मावसबहीण — पण एकही वर्ष चुकवलेले नाही. धाप लागत होती तिला. डॉक्टरांना दाखव म्हटले, तर म्हणाली, "नाचणीची लावणी र्‍हायलीय. मंग बघू." निघताना दारातून ओरडली, "तुझ्या विमानाला सांग रे, माझ्या भाविकला दोन दिस सोड म्हणावं!"

विमाने माझी आहेत अशी तिची पक्की समजूत! मी डिस्पॅचमध्ये बसून इंधन, वजन, हवामान यांचा हिशेब मांडतो आणि विमानाला निघण्याची मुभा देतो. तिचा मुलगा त्याच विमानांची दुरुस्ती करून सही करतो. हे समजावून सांगणे मी केव्हाच सोडले आहे.

१० ऑगस्ट, रविवार

सापगावी घरीच. छत्रीची काडी बसवून घेतली. विशेष काही नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

लिहायला हवे, आणि क्रमाने लिहायला हवे.

दुपारच्या विमानाभोवती फेरी मारताना कॅप्टनना एका टायरला चीर दिसली. त्यांनी दुरुस्तीवाल्यांना कळवले, त्यांनी मला. चाक बदलायचे ठरले. काम भाविककडे आले. विमान जिथे उतरायचे त्या विमानतळावर हवा बिघडत होती. तासाभरात निघाले नसते, तर विमान रद्दच झाले असते.

तेवढ्यात माधुरीचा, भाविकच्या बायकोचा, फोन. "मामा, आईंना मुरबाडला दवाखान्यात आणलंय. श्वास पुरत नाय त्यांना. सारखं भाविक-भाविक करतात. ते फोन उचलत नायत — तुमी सांगा ना त्यांना!"

"सांगतो," म्हणालो.

सांगितले नाही. चाकाचा नट ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या जोराने आवळतात. मध्येच माणूस बदलला, तर नवा माणूस सारे पहिल्यापासून करतो. शिवाय मन ठिकाणावर नसलेल्याने सही करू नये, हा नियम. ज्याला बातमीच ठाऊक नाही, तो मात्र सहीस पात्र — हा मी काढलेला अर्थ. त्या क्षणी तो मला निर्दोष वाटला!

वॉकीटॉकीवर विचारले, "भाविक, चाक कधी होणार?"

जरा थांबून म्हणाला, "होतंय, मामा."

कामावर तो मला नेहमी सर म्हणतो.

सही झाली. कॅप्टननी विचारले, "काही बाकी?" मी म्हणालो, "काही नाही." विमान जागेवरून हलल्यावर मी भाविककडे गेलो आणि सांगितले. तो हात पुसत राहिला.  टॅक्सी करून दोघे निघालो. कल्याण ओलांडले आणि माधुरीचा पुन्हा फोन आला. भाविकने तो माझ्या हातात दिला.

बाईजा गेली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल संध्याकाळीच सारे उरकले. आज ओटीवर माणसे बसली होती. गीताबाई — बाईजाची जाऊ — सगळ्यांदेखत मला म्हणाली, "घाटातली यस्टीबी थांबते रे. डायवर लांबून म्हातारी येताना बघतो, अन् गाडी उभी करतो. तुमचं विमान काय देवाचं व्हतं?"

 

१६ ऑगस्ट, शनिवार

राखी अजून मनगटावर आहे. सोडवत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

दहावा. नदीवरचे विधी आटोपले. भाविक मुंडण केलेल्या डोक्याने काठावरच बसून राहिला. मीही बसलो. सगळे सांगून टाकायचे असे ठरवूनच गेलो होतो. पण तोच आधी बोलला.

"मामा, रागावू नका. मला म्हाईत होतं."

काय माहीत होते, ते मला कळेना.

"चहाला गेलो तवा फोन बघितला, उलटा लावला. माधुरी बोलली, मामांना सांगितलंय, ते सांगतीलच. म्हणून परत कामाला लागलो. मंग तुमचा आवाज आला. तुमी चाकाचंच विचारलंत." नदीकडे बघत म्हणाला, "म्हटलं, मामा बोलत नाय म्हंजे काम सोडायचं नाय."

म्हणजे तो माझ्या एका शब्दाची वाट पाहत होता! मी बातमी दडवली ती याच्या सहीत खोट राहू नये म्हणून. आणि हा सारे जाणून, माझे गप्प राहणे हाच हुकूम समजून नट आवळत होता. आई तिकडे हाका मारीत होती. विमानात माणसे चढत होती.

हे वरिष्ठांना कळवणे भाग आहे. त्याआधी मी बातमी दडवली, ते कळवणे भाग आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत कोणी तरी होते. परत फिरलो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आत कोणीही नव्हते. तरी परत फिरलो.

२५ ऑगस्ट, सोमवार

भाविक कामावर रुजू झाला, आणि आधी साहेबांकडे गेला. मन ठिकाणावर नसताना सही केली, असे स्वतःच सांगितले. चाक त्यांनी पुन्हा तपासून घेतले — दोष नाही. त्याचा सहीचा अधिकार तूर्त काढून घेतला आहे.

त्या दिवशी मुभा मी दिली होती, म्हणून मलाही आत बोलावले. साहेबांनी त्याला विचारले, "घरून फोन आल्याचं आणखी कोणाला माहीत होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कोणालाच नाय, सर."

मी शेजारीच उभा होतो.