ताशी एकशे एकतीसचा दंड परत मिळण्याबाबत

दिनांक : ३ मार्च

प्रति,
माननीय दंड पुनर्विलोकन अधिकारी,
वाहतूक नियंत्रण शाखा,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक ४.

विषय : अतिवेगाबद्दलचा दंड आपण मेहेरबानी करून रद्द केला, ती मेहेरबानी मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. वेग/रद्द/४१२, दि. १० फेब्रुवारी.

महोदय,

१. अर्जदार ही व्यवसायाने दंतवैद्य असून एका अठ्ठावन्न वर्षे वयाच्या, दोन आसनी, बिनछताच्या इटालियन मोटारीची मालक आहे. सदर मोटार अर्जदारास तिच्या मामांकडून मिळाली, तेव्हा ती एक सांगाडा आणि चार पोती अशा स्वरूपात होती. पुढील नऊ वर्षे अर्जदार व एक वयोवृद्ध मेकॅनिक यांनी मिळून ती उभी केली. या मेकॅनिकना सगळे 'वस्ताद' म्हणतात, म्हणून या अर्जातही तसेच म्हटले आहे. दि. १२ जानेवारी, रविवार रोजी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी, शहराबाहेरील सरळ रस्त्यावर, जेथे ताशी ऐंशीची मर्यादा आहे, सदर मोटार आपल्या कॅमेऱ्यासमोरून ताशी १३१ किलोमीटर वेगाने गेली. रस्ता मोकळा होता, तरी गुन्हा तो गुन्हाच, आणि तो अर्जदारास मान्य आहे. दंडाची नोटीस आली त्या दिवशी गॅरेजात सर्वांना चहा पाजण्यात आला.

२. असे असता संदर्भीय पत्रान्वये आपण कळविले की, 'वाहनाचे वय पाहता सदर वेग संभवत नाही, सबब यंत्राचा दोष गृहीत धरून दंड रद्द करण्यात येत आहे.' लोक आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवतात आणि दंड काही माफ होत नाही, अशी सर्वसाधारण रीत असताना अर्जदारास न मागता माफी मिळाली. अर्जदाराचे यजमान म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आता तरी गप्प बस." अर्जदार गप्प बसू शकत नाही.

३. प्रथम आपल्या कॅमेऱ्याविषयी. त्या बिचाऱ्याने आपले काम चोख केले आणि नेमके त्यालाच खोटे पाडण्यात आले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्या वेळी मोटार चौथ्या गिअरमध्ये होती व इंजिनाचे मिनिटाला सहा हजार दोनशे फेरे होत होते, हे अर्जदाराने काट्यावर स्वतः पाहिले आहे. चाकाचा घेर व गिअरचे दाते धरून हिशेब केला असता उत्तर १३०.६ येते. कॅमेऱ्याने त्यात फक्त चाळीस शतांश आपल्या पदरचे घातले. हा हिशेब यजमानांनी तपासला आहे. ते गणिताचे शिक्षक असून सदर मोटारीत एकदाच, तेही ती उभी असताना, बसले आहेत. त्यामुळे त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करता येणार नाही.

४. आता वयाविषयी. मोटारीला दोन कार्बुरेटर आहेत आणि त्यांच्या बारीक भोकांत पन्नास वर्षांचा राप बसला होता. अर्जदाराने तो दातांच्या मुळांत घालायच्या सुयांनी काढला (सुया नव्या होत्या, रुग्णांना वापरलेल्या नव्हत्या). इंजिनाच्या डोक्यातील हवेच्या वाटा दातांच्या ड्रिलने घासून गुळगुळीत करण्यास चार महिने लागले. हे काम दवाखान्याच्या आतल्या खोलीत चालत असे, व तो आवाज ऐकून बाहेर बसलेले दोन रुग्ण जे निघून गेले ते आजतागायत परतलेले नाहीत. वस्तादांनी इंजिनामागचे जड चक्र लेथवर उतरवून हलके केले. दोन्ही कार्बुरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे ते रबरी नळीचे एक टोक कानात आणि दुसरे कार्बुरेटरच्या तोंडाशी धरून ऐकतात. अशा मोटारीला तुझे वय काय म्हणून विचारणे बरे दिसत नाही. वयावरून कोणाला काय संभवते हे ठरवायला लागलो तर बरीच कार्यालये बंद करावी लागतील.

५. अर्जदार ज्या जुन्या इटालियन मोटारींच्या क्लबची सभासद आहे, तेथे आपल्या पत्राची बातमी वाऱ्यासारखी पसरली. क्लबमधील बेकरीवाले, ज्यांची मोटार उतारावर ताशी एकशे चाळीस जाते असे फक्त तेच सांगतात, म्हणाले, "कॅमेराच बिघडलेला होता होय! तरी मी म्हटलं!" अर्जदाराने तेही ऐकून घेतले असते. परंतु वस्तादांनी ती नोटीस गॅरेजात, पान्यांच्या फळीशेजारी, खिळ्याला टांगली होती. आपले पत्र वाचून त्यांनी ती उतरवली, चार घड्या घालून खणात टाकली आणि म्हणाले, "असेल हो मशीनची चूक. सरकार कशाला खोटं लिहील? मला आपलं उगाच वाटलं, गाडी उडाली म्हणून." त्याला आता जवळजवळ तीन आठवडे झाले. तेव्हापासून त्यांनी रबरी नळीला हात लावलेला नाही. महोदय, त्यांना आपले म्हणणे पटू लागले आहे, आणि अर्जदारास नेमकी त्याचीच भीती वाटते.

६. येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. नोटिशीत चालक म्हणून अर्जदाराचे नाव होते. कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात मागून दोन डोकी दिसतात, उजवीकडे केसांचे व डावीकडे टकलाचे. आपल्या कर्मचाऱ्याने सवयीने उजवीकडचे डोके चालकाचे धरले. परंतु मोटार इटालियन असल्याने तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे. अर्जदार उजवीकडे दोन्ही हातांनी दार घट्ट धरून बसली होती. मोटार वस्ताद चालवत होते. त्यांचे वय शहात्तर असल्याने कोणीतरी "आता लायसन्स जमा करा" म्हणेल, या धास्तीने अर्जदाराने आपल्या कर्मचाऱ्याची चूक तशीच चालू दिली. या लपवाछपवीबद्दल वेगळा दंड असल्यास तोही लावावा.

पन्नास वर्षे वस्तादांनी लोकांच्या गाड्या पळत्या केल्या. स्वतः चालवल्या त्या गॅरेजच्या दारापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत आणि परत, दुसऱ्या गिअरच्या वर कधी नाही. गाडी दुसऱ्याची, ओरखडा पडला तर काय घ्या! त्या रविवारी अर्जदाराने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि "वस्ताद, आज कोपऱ्यावरून परत फिरायचं नाही," असे बजावले. सबब चिथावणी अर्जदाराची आहे. तिसऱ्या गिअरपर्यंत ते घाबरलेले होते. चौथ्यात हसू लागले. नऊ वर्षांत अर्जदाराने त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते. ती गाडी खरोखर उडाली होती, एवढे लेखी देऊ शकेल असे कार्यालय जगात एकच आहे, आणि ते आपले आहे.

७. तरी कृपया दंड पूर्ववत लावण्यात यावा. चालक म्हणून वस्तादांचे नाव लिहावे व वेग अंकी तसेच अक्षरी नमूद करावा. पत्र अर्जदाराकडे न पाठवता थेट गॅरेजच्या पत्त्यावर, त्यांच्या नावाने पाठवावे. त्यात वयाचा उल्लेख नको व दयामाया तर अजिबात नको. नियमात बसत असेल तर 'बेदरकार' हा शब्द वापरावा, फार उपकार होतील. आजवर त्यांना जो तो "सावकाश, वस्ताद, सावकाश" एवढेच म्हणत आला आहे.

कठोर कारवाईच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र व गुन्हा कबूल असलेली,
(सही)
अर्जदार, दंतवैद्य

सोबत :
१) वेगाचा हिशेब, यजमानांच्या सहीने.
२) छायाचित्राची प्रत. डावीकडील टकलावर लाल शाईने खूण केली आहे.
३) वस्तादांचे लायसन्स, मूळ प्रत. हा अर्ज काल गॅरेजात त्यांना वाचून दाखवला. अर्जदार निघताना त्यांनी खिशातून लायसन्स काढून अर्जावर ठेवले. गुन्ह्यांच्या नोंदीचे पान मागे आहे. "बावन्न वर्षं कोरं पडलंय, त्यावर लिहा म्हणावं," असा त्यांचा निरोप आहे.